उंचावलेली जीप आणि तिचा मागचा शाफ्ट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी इंदूरला मावशीकडे गेलो होतो. इंदूरचे नाव निघाले की आपल्याकडे राजवाडा आणि सराफ्यातील खाद्यपदार्थ यांचीच आठवण निघते. पण माझ्या लक्षात राहिले ते इंदूरपासून महूमार्गे दक्षिणेस गेल्यावर लागणारे मानपुर. माळव्याचे पठार येथे संपते. पुढे विंध्याची कड उतरून रस्ता गुजरी, खलघाटकडे नर्मदेच्या खोऱ्यात जातो. जुना आग्रा-मुंबई मार्ग तो हाच. आज त्याला राष्ट्रीय महामार्ग ५२ म्हणतात. आणि पुढे धुळे, सोलापूर, विजापूर, हुबळी करीत, अरबैल घाट उतरून अंकोल्यास पोचतो तो हाच रस्ता! तेव्हा आपल्या कन्नड विभागातील मित्रांनाही मानपुर अगदीच परके वाटू नये.

मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे, विलिस धर्तीची एक जुनी जीप आहे. पावसाळ्यात माळव्यातील काळ्या मातीत ती रुतते म्हणून त्याने ती तीन इंच उंच करून घेतली होती. मागच्या पाट्यांत जादा पाने घातली, शॅकल लांब केली आणि मोठे टायर चढविले. गाडी दिसायला रुबाबदार झाली. मात्र ताशी ४० च्या पुढे गेली की खालून घरघर ऐकू येई आणि पायाखालचा पत्रा थरथरे. ‘‘नवीन टायरचा आवाज आहे, जाईल,’’ असे ज्या कारखान्यात काम केले तेथे सांगण्यात आले.

आवाज गेला नाही; सांधाच गेला. चंबळेचा उगम जेथे मानतात तो जानापावचा डोंगर मानपुराजवळच आहे. त्या भागातील एका टेकडीवरून कच्च्या वाटेने आम्ही उतरत होतो. पावसाने वाटेला खोल घळी पडल्या होत्या. पहिल्या गिअरमध्ये, सावकाश. एका घळीत मागचे चाक उतरले, खाली ‘खाड्’ असा आवाज झाला आणि जीप एकदम मोकळी धावू लागली. दादाने पायब्रेक दाबून ती थांबविली, हातब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला. आणि जीप पुन्हा खाली चालू लागली! मी उडी मारून चाकापुढे दगड लावला तेव्हा ती थांबली. मागील प्रॉपेलर शाफ्टचा डिफरन्शियलकडील क्रॉस तुटून शाफ्ट खाली लोंबत होता.

हातब्रेक का लागला नाही? थरथर टायरची नव्हती तर कशाची होती? आणि उतारावर, हळू चालताना, ओझे नसतानाच क्रॉस का तुटला? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना दुसऱ्या वर्षाला ‘यंत्रांचे सिद्धांत’ या विषयात घोकलेले एक सूत्र मला प्रथमच खरोखर समजले. ते वाचकांपुढे मांडावे, हाच या लेखाचा हेतू.

जीपच्या पोटातील यंत्रणा

साध्या मोटारीत इंजिन, गिअरपेटी आणि चाके अशी सरळ साखळी असते. जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी जोडलेली असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिची कामे दोन. एक, इंजिनाची शक्ती मागच्या आणि पुढच्या अशा दोन शाफ्टांत वाटणे. दोन, गरज पडेल तेव्हा जादा दंतचक्रे मध्ये आणून वेग कमी व पीळ (परिबल) अधिक करणे. विलिस जीपच्या रचनेत ‘स्पायसर १८’ ही पेटी वापरली गेली. सीजे-३बी या जीपमध्ये हिचे ‘लो’ गुणोत्तर २.४६ आहे. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून जीप जोडावयास आरंभ केला व पुढे सीजे-३बी आपल्याकडे तयार होऊ लागली. त्यामुळे ही पेटी खेड्यापाड्यांतील मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली आहे.

ट्रान्स्फर केस चौकटीला बांधलेली असते. ती हलत नाही. मागचा आस मात्र पाट्यांवर टांगलेला असून रस्त्याबरोबर वरखाली होतो. स्थिर पेटीतून हलत्या आसाकडे शक्ती न्यावयाची तर मधल्या शाफ्टला दोन सवलती द्याव्या लागतात. दोन्ही टोकांना वाकणारा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. आणि कमीजास्त लांब होता यावे म्हणून एका नळीत सरकणारी दातेरी जोडणी, म्हणजे स्प्लाइन. उंच केलेल्या गाडीत याच दोन सवलतींवर ताण येतो.

सांध्याचा स्वभाव

हा सांधा मोटारीपेक्षा फार जुना. इटालियन विद्वान कार्दानो (१५०१ ते १५७६) याचे नाव त्याला चिकटले आहे, तर त्याच्या गतीचा अभ्यास करून १६७६ मध्ये लिहिणारा इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक. म्हणून काही पुस्तकांत ‘कार्दान सांधा’ व काहींत ‘हुकचा सांधा’ असे म्हटलेले आढळते. मोटारीस उपयोगी पडेल असा बंदिस्त, वंगण धरून ठेवणारा सांधा क्लॅरेन्स स्पायसर याने बनविला. तो तेव्हा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता! १९०३ साली त्याला पेटंट मिळाले. विद्यार्थिदशेत केलेल्या कामाचे नाव शंभर वर्षांनंतरही जीपच्या पेटीवर राहावे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या सांध्यात एक खोड आहे. दोन शाफ्ट एका रेषेत असतील तर काही प्रश्न नाही. पण ते परस्परांशी कोन करीत असतील तर पहिला शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असतानाही दुसरा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सरासरी फेरे सारखेच. चाल मात्र लंगडी.

किती लंगडी? दोन शाफ्टांमधील कोनाला ‘क’ म्हणू. दुसऱ्या शाफ्टचा जास्तीत जास्त वेग पहिल्याच्या ‘१ भागिले कोज्या क’ पट आणि कमीत कमी वेग ‘कोज्या क’ पट होतो. या दोहोंतील अंतर हा चढउताराचा पल्ला. तो ‘ज्या क गुणिले स्पर्शज्या क’ एवढा येतो. काही कोनांसाठी हिशेब असा:

५ अंश: ०.८ टक्के
१० अंश: ३.१ टक्के
१५ अंश: ६.९ टक्के
२० अंश: १२.४ टक्के
३० अंश: २८.९ टक्के

या आकड्यांकडे लक्षपूर्वक पाहावे. कोन दुप्पट झाला की चढउतार दुप्पट न होता सुमारे चौपट होतो. ‘‘थोडासाच तर कोन वाढला’’ हे म्हणणे किती फसवे आहे, ते यावरून कळून येईल.

मग मोटारी सुरळीत चालतात कशा? एकाने केलेली लंगडी चाल दुसऱ्याने सावरावी, म्हणून सांधे दोन असतात. त्यासाठी तीन अटी आहेत. ट्रान्स्फर केसमधून निघणारा दंड आणि डिफरन्शियलचा पिनियन दंड एकमेकांस समांतर हवेत, म्हणजे दोन्ही सांध्यांवरचे कोन सारखे होतील. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. आणि तिन्ही दंड एका प्रतलात हवेत. जुन्या जीपमध्ये पेटीचे मागचे तोंड आणि पिनियन दोन्ही गाडीच्या एकाच बाजूला सरकवलेली असतात, त्यामुळे आडवा कोन जवळजवळ उरत नाही. जुन्या अभियंत्यांनी केलेला हा विचार खरोखर वाखाणण्यासारखा आहे.

तरीही एक गोष्ट उरतेच. दुसरा सांधा चाल सावरतो ती पिनियनची. मधला शाफ्ट स्वतः लंगडतच राहतो. त्याला फेऱ्यामागे दोनदा वेग वाढवावा आणि दोनदा आवरावा लागतो, आणि त्याचा धक्का क्रॉसच्या सुयांवर, म्हणजे नीडल बेअरिंगवर बसतो.

उंची वाढविल्याने काय होते

आता आकडे घालून पाहू. मोजणीस सोपे जावे म्हणून समजा की दोन सांध्यांमधील आडवे अंतर ६०० मिलिमीटर असून मूळ गाडीत पिनियन पेटीच्या तोंडापेक्षा १०० मिलिमीटर खाली आहे. शाफ्टचा कोन येतो ९.५ अंश, वेगाचा चढउतार २.७ टक्के आणि शाफ्टची लांबी ६०८ मिलिमीटर.

गाडी तीन इंच, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर उंच केली. पेटी चौकटीबरोबर वर गेली, आस जमिनीजवळच राहिला. उभे अंतर १७५ झाले. कोन १६.३ अंश, चढउतार ८.२ टक्के, म्हणजे पूर्वीच्या तिप्पट. लांबी ६२५, म्हणजे स्प्लाइन १७ मिलिमीटर बाहेर आली.

जीपचा पल्ला आखूड असल्यामुळे हे सारे अधिक जाणवते. सीजे-३बीच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अवघे ८० इंच. त्यातून इंजिन, गिअरपेटी आणि ट्रान्स्फर केस वजा जाता मागच्या शाफ्टला जागा उरते किती? तेच आडवे अंतर १२०० मिलिमीटर असते तर १७५ च्या उताराला कोन केवळ ८.३ अंश आला असता. लांब मालमोटारीला जी उंची सोसते ती आखूड जीपला सोसत नाही, त्याचे कारण हेच.

दादाच्या गाडीत आणखी एक भर पडली होती. जीपच्या मागच्या पाट्याचे पुढचे टोक पिनने बांधलेले आणि मागचे शॅकलवर झुलते असते. शॅकल लांब केली की पाट्याचे मागचे टोक खाली जाते, त्याबरोबर आस थोडा फिरतो आणि पिनियनचे नाक वर होते. ते ४ अंशांनी वर झाले असे धरू. मग पेटीकडील सांध्यावर १६.३ अंश आणि पिनियनकडील सांध्यावर १२.३ अंश. समांतरता गेली! उरलेली लंगड एकाच सांध्याच्या किती अंशांइतकी, हे काढण्यासाठी दोन कोनांच्या वर्गांची वजाबाकी करून तिचे वर्गमूळ घ्यावयाचे. उत्तर सुमारे १०.७ अंश. म्हणजे पिनियनपर्यंत साडेतीन टक्के चढउतार जाऊन पोचत होता. ताशी ६० किलोमीटर वेगाला, ५.३८ गुणोत्तराचा आस आणि ०.३७ मीटर त्रिज्येचे चाक धरले, तर शाफ्ट सेकंदाला सुमारे ३८ ते ३९ फेरे घेतो. धक्के त्याच्या दुप्पट, सुमारे ७७. पायाखालचा पत्रा थरथरत होता तो यामुळे. टायरचा आवाज चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला असतो आणि चाक त्याच वेगाला सेकंदाला सातच फेरे घेते. नुसते कान देऊन ऐकले असते तरी हा फरक कळण्यासारखा होता.

आता तिसरा प्रश्न: उतारावरच सांधा का तुटला? गाडी उतारावर असली की भार पुढच्या चाकांवर जातो, मागचे पाटे सैल होऊन आस खाली लोंबतो. त्यात चाक घळीत उतरले. समजा आस आणखी ८० मिलिमीटर खाली गेला. उभे अंतर २५५, कोन २३ अंश, शाफ्टची लांबी ६५२. मूळ लांबीपेक्षा स्प्लाइन ४४ मिलिमीटर बाहेर! एवढ्या कोनात योकचे कान एकमेकांस घासू लागतात आणि क्रॉस पकडीत सापडतो. वरून पहिल्या गिअरमधील इंजिनाचा विरोध शाफ्टला उलट पीळ देत असतो. अगोदरच धक्के खाऊन झिजलेल्या क्रॉसला एवढे पुरे होते. ओझे नव्हते हे खरे, पण कोन सर्वांत वाईट होता. उंच केलेल्या गाडीची परीक्षा सपाटीवर उभी करून होत नाही. आस पूर्ण लोंबविल्यावर होते, हा धडा आम्ही तेथे शिकलो.

शाफ्टवरील उपाय

उपाय स्वस्तापासून महागाकडे असे सांगतो.

पहिला, पेटी खाली आणणे. पेटीच्या आधाराखाली ठोकळे घालून ती इंचभर खाली घेतात. कोन कमी होतो. पण जमिनीपासूनची जी उंची मिळविण्यासाठी हा खटाटोप केला, तीच पोटाखाली कमी होते. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले.

दुसरा, पाचर. पाटा आणि आस यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून पिनियनचे नाक फिरवितात आणि समांतरता परत आणतात. थरथर बरीच जाते, परंतु मधल्या शाफ्टचा कोन तेवढाच राहतो.

तिसरा, दुहेरी सांधा. पेटीच्या तोंडाशी दोन क्रॉस पाठोपाठ, मध्ये केंद्र राखणारा गोळा, असा जोड बसवितात. एकूण कोन दोघांत निम्मा निम्मा वाटला जातो आणि त्यांची लंगड तेथल्या तेथे फिटते. आता पिनियनकडे सावरण्याजोगे काही उरत नाही. म्हणून येथे समांतरतेचा नियम सोडावयाचा आणि पिनियनचे नाक सरळ शाफ्टच्या रोखाने करावयाचे. पाट्याच्या गाडीत जोर लावला की नाक थोडे वर उचलते, यास्तव उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवतात. दुहेरी सांधा बसवून पिनियन मात्र जुन्याच कोनात ठेवला, तर पैसे जातात आणि थरथर राहते.

चौथा उपाय समजून घेण्यासाठी अमेरिकेतील उदाहरण पाहू. १९८७ ते २००६ या काळातील रँग्लर जीपमध्ये एनपी-२३१ ही ट्रान्स्फर केस पुष्कळ वापरली गेली. तिच्या मागच्या तोंडाशी योक पक्का बसविलेला नसे. तो पेटीच्या लांब शेपटातच आतबाहेर सरके. गाडी उंच केली की योक शेपटातून बाहेर येई आणि शाफ्ट आधीच आखूड असल्याने कोन फार वाढे. तेथील हौशी लोकांनी काढलेला मार्ग असा: पेटी उघडून आतील निर्गम दंड बदलावयाचा, लांब शेपूट काढून टाकावयाचे, पक्का योक बसवावयाचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत अधिक लांब, दुहेरी सांध्याचा शाफ्ट घालावयाचा. सरकणारी स्प्लाइन आता शाफ्टमध्येच. पेटीचे शेपूट काही इंच कमी झाले म्हणजे शाफ्टचा कोन कित्येक अंशांनी उतरतो. आपल्या जुन्या जीपला पक्का योक मुळातच असतो. तेथे केवळ शाफ्ट नव्या लांबीचा, लांब स्प्लाइनचा आणि फिरवून तोल साधलेला, असा करून घेतला तरी पुष्कळ काम होते.

ट्रान्स्फर केसचे गुणोत्तर

मोठे टायर चढविले की गाडीचे सारे गिअर जणू ‘उंच’ होतात. २८ इंची टायरऐवजी ३१ इंची घातला तर एका फेऱ्यात गाडी १०.७ टक्के अधिक पुढे जाते आणि चढावर जोर सुमारे ९.७ टक्के कमी पडतो. ही तूट भरून काढण्यास दोन जागा आहेत: आसातील दंतचक्रे किंवा ट्रान्स्फर केसमधील दंतचक्रे. दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे आणि तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

सीजे-३बीच्या हरिकेन इंजिनाचे सर्वाधिक परिबल सुमारे १५५ न्यूटन-मीटर. पहिला गिअर २.८, लो २.४६. गुणाकार केला तर प्रॉपेलर शाफ्टवर १,०६८ न्यूटन-मीटर येतात. पुढे आसातील ५.३८ ने गुणून दोन चाकांवर मिळून सुमारे ५,७४५. घर्षणाची तूट येथे सोडून दिली आहे.

आता लो गुणोत्तर ४ केले तर (२००३ साली आलेल्या रुबिकॉन रँग्लरच्या पेटीत ते कारखान्यातूनच ४ आहे) शाफ्टवर १,७३६ न्यूटन-मीटर येतील, म्हणजे ६३ टक्के अधिक. कारण ट्रान्स्फर केस शाफ्टच्या अलीकडे आहे. तिने वाढविलेला प्रत्येक पीळ शाफ्टमधून जातो. आसातील गुणोत्तर वाढविले तर ती वाढ शाफ्टच्या पलीकडे होते. चाकाला तेवढाच जोर मिळावयास शाफ्टला उलट कमी पीळ सोसावा लागतो.

‘‘पण चाक आधी घसरेल ना?’’ अशी शंका चाणाक्ष वाचक घेईल. ती रास्त आहे. मागच्या आसावर ८,००० न्यूटन भार, घर्षणांक ०.८ आणि त्रिज्या ०.३७ मीटर धरली तर चाके २,३६८ न्यूटन-मीटरला घसरतात. शाफ्टवर ते ५.३८ ने भागून अवघे ४४० येतात. सपाट जमिनीवर शाफ्ट या मर्यादेमुळे वाचतो. परंतु चाक दोन दगडांच्या फटीत अडकले, म्हणजे घर्षणाचा आधार संपतो आणि इंजिनाचा पूर्ण पीळ शाफ्टवर पडतो. दगडधोंड्यांत शाफ्ट तुटतात ते अशा वेळी. तेव्हा नियम असा की, ट्रान्स्फर केस सुधारावयाची असेल तर शाफ्ट आणि क्रॉस आधी सुधारले पाहिजेत, मागाहून नव्हे.

१९८५ साली आपल्याकडे आलेल्या मारुती जिप्सीची तऱ्हा थोडी निराळी. तिची ट्रान्स्फर केस गिअरपेटीला जोडलेली नसून चौकटीवर स्वतंत्र टांगलेली असते आणि दोघींमध्ये एक छोटा शाफ्ट असतो. म्हणजे एकूण शाफ्ट तीन. ती ज्या सुझुकी घराण्यातील, त्यातील एसजे-४१० च्या पेटीची गुणोत्तरे १.५८० आणि २.५११, तर मोठ्या इंजिनाच्या एसजे-४१३ ची १.४०९ आणि २.२६८. पहिलीची दंतचक्रे दुसरीच्या पेटीत घालण्याचा प्रघात परदेशात पडला आहे. त्यामुळे ‘हाय’ मध्ये १२ टक्के व ‘लो’ मध्ये ११ टक्के फायदा होतो, म्हणजे टायर जेवढे वाढविले तेवढीच भरपाई. अतिरेक नाही, म्हणून शाफ्टही टिकतो.

हातब्रेकचे कोडे

आता राहिला पहिला प्रश्न. मोटारीचा हातब्रेक मागच्या चाकांवर लागतो अशी आपली समजूत असते. विलिस धर्तीच्या जीपमध्ये तसे नाही. तेथे हातब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी असतो. तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना धरतो. शाफ्टच तुटला तर ड्रम घट्ट पकडूनही चाकांना त्याची वार्ता नाही! पायब्रेक चाकांवर असल्यामुळे आमचे प्राण वाचले. घाटात पायब्रेक तापून निकामी झाला असता आणि त्याच वेळी शाफ्ट गेला असता, तर इंजिनाचा विरोधही नाही आणि हातब्रेकही नाही, अशी अवस्था झाली असती.

यातून सुटकेचा मार्गही त्याच पेटीत आहे. पुढच्या चाकांचा दांडा ओढला की पुढचा शाफ्ट मागच्या निर्गम दंडाशी जखडला जातो. मग ड्रमची पकड पुढच्या शाफ्टमधून पुढच्या चाकांवर येते. पुढच्या चाकांना मोकळे करणारे हब बसविले असतील तर ते बंद केलेले असले पाहिजेत, एवढेच. चाकाखाली दगड पक्के केल्यावर दादाने तो दांडा ओढला आणि हातब्रेक लागला! तुटका शाफ्ट सोडवून मागे टाकला, लो घातला आणि पुढच्या चाकांच्या बळावर आम्ही मानपुर गाठले.

तेथे रस्त्याकाठच्या एका वृद्ध मिस्त्रींनी गाडीखाली वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘‘भैया, गाड़ी की टाँगें लंबी कर दीं, नस लंबी नहीं की।’’ पुढे मी जे पानभर गणित केले त्याचा सारांश एवढाच निघाला.

करावयाचे झाल्यास

ज्यांना आपली गाडी उंच करावयाची आहे त्यांच्यासाठी क्रम देतो. आधी पेटीचे तोंड, शाफ्ट आणि पिनियन यांचे कोन पाणसळ व कोनमापक लावून मोजावेत आणि लिहून ठेवावेत. उंची ठरविण्यापूर्वी वरीलप्रमाणे नवा कोन व नवी लांबी कागदावर काढावी. गाडी चौकटीवर उचलून आस पूर्ण लोंबू द्यावा आणि शाफ्ट हाताने फिरवून तो कोठे अडतो का, स्प्लाइन किती आत उरते, हे पाहावे. शाफ्ट सोडताना स्प्लाइनवर खडूने किंवा छिन्नीने खूण करावी; एक दाता चुकला तरी योक एका पातळीत राहत नाहीत. शाफ्टखाली लोखंडी कडे बसवावे. पुढचा सांधा तुटून शाफ्टचे टोक धावत्या गाडीखाली जमिनीत रुतले तर गाडी उलटण्याचा धोका असतो. शेवटी कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेला बाध आणणाऱ्या बदलांविरुद्ध निकाल दिला आहे. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी हे उत्तम.

मानपुरापासून फार दूर नसलेल्या पिथमपूरला मोटारींच्या परीक्षणाचे राष्ट्रीय केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटरच्या अतिवेग धावपट्टीचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीची परीक्षा घेण्यास अशी साधने आहेत. घरी उंच केलेल्या गाडीची परीक्षा मात्र घाटातच होते आणि परीक्षार्थी म्हणून आपण आत बसलेले असतो!

दादाने काय केले? लांब शॅकल काढून मूळच्या बसविल्या, एक पान कमी करून उंची दोन इंचांवर आणली आणि लांब स्प्लाइनचा नवा शाफ्ट तोल साधून घेतला. आमच्या हिशेबात उभे अंतर १५० मिलिमीटर, कोन १४ अंश, चढउतार ६.१ टक्के, आणि समांतरता परत मिळाल्यामुळे पिनियनपर्यंत त्यातले जवळजवळ काहीच जात नाही. दुहेरी सांध्याचा खर्च वाचला. ताशी ६० ला आता तुम्हाला शेजारच्याशी बोलता येते.

आपल्या प्रयोगशाळेसाठी एक सूचना करून लेख संपवितो. भंगारातून एक जुना क्रॉस व दोन योक आणावेत, दोन्ही दंडांवर अंशांच्या पुठ्ठ्याच्या तबकड्या लावाव्यात आणि दंडांमध्ये ३० अंशांचा कोन ठेवावा. पहिल्या दंडाचा योक दोन्ही दंडांच्या प्रतलात असताना शून्य धरून तो ४५ अंश फिरवावा. दुसरी तबकडी ४५ न दाखविता ४९ च्या किंचित पुढे जाईल. ९० अंशांवर दोघी पुन्हा बरोबर येतील. वहीतले सूत्र डोळ्यांपुढे चालताना दिसले की ते विसरत नाही. मला ते कळावयास मानपुरची टेकडी उतरावी लागली. आपणास तो त्रास पडू नये.